झाकली मूठ

पोर्तूत रात्री अडीचला
इन्क्युबेटरचा दिवा जागा असतो, आणि मी.
बशांमध्ये अदेरितूची कातडी वाढतेय.
काखेतून टपालाच्या तिकिटाएवढा तुकडा घेतला होता,
तीन आठवड्यांत तो परातीएवढा झाला.

अदेरितू शोभेची दारू बनवतो, लिमा नदीच्या वरच्या अंगाला.
बापही तेच करायचा; त्याला दोन बोटं कमी होती.
जूनमध्ये, जत्रेच्या रात्रीसाठी नळे भरताना
एक नळा आधीच बोलला.
तो असंच म्हणतो, बोलला.
फुटला म्हणत नाही.

मी पेशींना रंग पाजते.
जिच्यात नवं प्रथिन घडतंय ती हिरवी उजळते,
जितकं जास्त घडेल तितकी जास्त.
नवा विद्यार्थी उलिसेस भिंगाला डोळा लावतो
आणि सगळ्यात झगमगणारीवर बोट ठेवतो: हीच ना?
नाही रे. ही निघाली. हिचं ठरलं.
थोडे दिवस राबेल, वर सरकेल, चपटी होईल,
एक दिवस अंघोळीच्या पाण्याबरोबर जाईल.
तू काळोखात बघ.
ती तिथं, कडेला,
मिठाची गुळणी धरून बसलेली.

तिच्याकडे निरोप नाहीत असं नाही.
निरोपांची चवड पडलीय,
कधी वाढावं, कधी वेगळं व्हावं, कधी कातडं व्हावं.
रायबोसोम आहेत, हाताशी.
पण निरोपाची टोपी धरून त्याला आत नेणारं जे प्रथिन
त्याचाच हात दुसऱ्या एकानं धरून ठेवलाय.
आणि अमिनो आम्लं वाहणारे काही हमाल
मधोमध तुटलेत;
त्यांचे तुकडे वाटेत आडवे पडून म्हणतात,
आत्ता नको.

आमच्या पुस्तकांत याला भाषांतर म्हणतात.
मला वाटायचं, निरोप आला की भाषांतर होणारच.
अर्धी नोकरी गेली हे कळायला
की न करणं हेसुद्धा
कुणीतरी करत असतं.

एकदा आम्ही तो धरलेला हात सोडवून पाहिला.
बशी अशी उजळली की उलिसेसनं टाळी वाजवली.
पंधरवड्यानं त्या बशीत
खवल्यांखेरीज काही नव्हतं.

हे मी अदेरितूला सांगितलं, वॉर्डात.
हात उशीवर, बाहेर दगडी भिंत ओली.
तो हसला.
"दोना देओलिंदा, दारू काय, कुणीही पेटवतं.
कसब वातीत असतं.
आभाळात पोचेपर्यंत नळ्यानं गप्प बसायला हवं."
मग खिडकीकडे बघत:
"माझी वात घाईची होती."

कलम धरलंय आता.
खाज सुटते म्हणतो, रात्रभर; डॉक्टर खूश आहेत.
व्यायामाची बाई त्याच्या हातात रबरी चेंडू देते.
मिटताना हाताच्या पाठीवरची नवी कातडी
ताणून पांढरी पडते,
दोन बोटांची फट राहतेच.
झाकली मूठ सव्वा लाखाची,
त्याची अजून झाकत नाही.

मी त्या पांढऱ्या जागेकडे बघत राहते.
तिच्याखाली कुठंतरी ती असणार. असायला हवी,
नाहीतर पुढल्या जूनपर्यंत हे सगळं उतरेल.
विचारायची सोय नाही.
जिवंत माणसाला
रंग पाजता येत नाही.