दोन रिकामी भोकं

प्लाय भंगारातला. 'स्टेला मारी'च्या केबिनचा,
एकोणीस मिलीमीटर, आत अजून डिझेलचा वास.
तो वास आधी करवतीला लागला,
मग माझ्या जेवणाला.

उभं कपाट, छातीएवढं.
वर तिरका बसवला दवाखान्यातून टाकून दिलेला मॉनिटर.
बंद केला तरी त्याच्या कोपऱ्यात
'टोकन क्रमांक' असं पुसट दिसत राहतं.
शेजारी विचारतात, देव्हारा का हो?
मी म्हणतो, होय, पण उभ्यानं पुजायचा.

वेंगुर्ला बंदरावर, बर्फाच्या कारखान्यासमोर
मी ट्रॉलरांचे वायरलेस दुरुस्त करतो.
खाऱ्या वाऱ्यावर माझं घर चालतं:
तिकडे तांबं हिरवं पडतं,
इकडे डाळ शिजते.
म्हणून या पॅनेलच्या एकेका सांध्यावर
नेलपॉलिश फिरवलं. बायकोचं. जांभळं.
तिला अजून माहीत नाही.

दोन खेळाडू, दोन दांडे, बारा बटणं.
सरळ जोडलं तर वीस तारा आणि वर ग्राउंड.
मी जाळं विणलं:
चार आडव्या, पाच उभ्या, वीस गाठी.
पण जाळ्यात भुतं असतात.
तीन बटणं एकदम दाबली
की चौथं, ज्याला कुणी हातसुद्धा लावला नाही,
ते लागतं.
प्रवाह मागच्या दारानं शिरतो.
उपाय एकच, तांदळाएवढा डायोड, अंगावर काळी पट्टी:
जाऊ देतो, परतू देत नाही.
वीस गाठींवर वीस राखणदार बसवले.
नारळ नाही फोडला.
राळेचा धूर डोळ्यांत गेला, तेवढंच.

त्याआधी इनासच्या घरी गेलो होतो
रद्दीचा पेपर आणि सुताराची पेन्सिल घेऊन.
एसटी स्टँडमागच्या त्या अंधाऱ्या खोलीत
इनास एका नाण्यावर तासभर उभा राहायचा.
माझं नाणं दीड मिनिटात बुडायचं,
मग मी त्याच्या खांद्यावरून बघायचो.
मालक वैतागून मशीनचा प्लग काढायचा.

उजव्या हाताची मधली दोन विंचनं नेली,
परवाच्या नव्हे, त्याच्या आधीच्या हंगामात.
पेन्सिल अंगठ्यावरून गेली, पहिल्या बोटावरून,
मग जरा थांबली,
आणि सपाट चालत करंगळीपाशी पोचली.
तो पेपरकडे बघत म्हणाला,
"नाय ती बोटां अजून दुखतत रे. राती."
मी पेन्सिलीला टोक काढत बसलो.
त्या मापाचा डायोड माझ्याकडे नव्हता.

अंगठ्याला तीन बटणं, कमानीत.
पहिल्या बोटाला दोन.
करंगळीला एकच, सगळ्यांत मऊ स्प्रिंगचं.
पण ड्रिल हातात आलं आणि सवयीनं
मी नेहमीची सहा भोकं पाडून मोकळा झालो.
पुरा हात धरून.
चार कशीबशी नव्या मांडणीत खपवली,
दोन नवी पाडली,
दोन उरली, नेमकी तिथे.

बटण एकदा दाबलं तरी आतली पत्री थरथरते,
एकाचे चार ठोके होतात.
चिपला मी सांगून ठेवलंय:
पाच मिलिसेकंद थांब,
थरथर निवू दे, मग मोज.

काल रात्री इनास आला.
पहिला डाव चाळीस सेकंदांत गेला.
दुसरा त्याहून लवकर.
त्याची करंगळी बटणावर कापत होती.
मी कपाटाच्या मागे जाऊन
उगाच एक तार घट्ट करत बसलो.
तिसऱ्या डावाला खटखट सुरू झाली,
ती जुनी, सांडणीत वाटाणे ओतल्यासारखी,
आणि मी तार सोडून
त्याच्या खांद्याशी येऊन उभा राहिलो.

जाताना म्हटलं, ती दोन भोकं बुजवतो उद्या,
टोपणं मिळतात काळी.
त्यानं तळवा पॅनेलवर ठेवला,
जरा सरकवला.
"असूं दे," म्हणाला, "थंयसून वारो येता."

आत जुन्या कॉम्प्युटरचा पंखा फिरत होता.