खालची पट्टी

फुजैराच्या किनाऱ्यासमोर रात्री टँकर नांगर टाकून असतात,
पंचवीस-तीस, दिवे लागलेले,
समुद्रात कुणी दुसरं गाव वसवल्यासारखे.
मी कानामागचं यंत्र काढून डबीत ठेवते.
डबीतल्या पांढऱ्या गोळ्या त्याचा दमटपणा पीत बसतात.
डावा कान कधीचाच गेलेला.
उजव्यात जे उरतं ते माझं.

सात वर्षं झाली.
डॉक्टर हातेमनी तार आत सरकवली होती
मिनिटाला एक मिलिमीटर,
झोपलेल्या बाळाच्या मानेखाली हात घालावा तशी.
म्हणाले, जुनं ऐकणं वाचलंय.
किती दिवस, ते मी विचारलं नाही.
त्यांनीही सांगितलं नाही.

तेव्हापासून बाराखडीची वाटणी झालेली:
स, श, च, थ तारेकडे.
अ, ओ, ऊ माझ्याकडे.
शिवाय एसीची घरघर, ट्रकचा गिअर,
धुक्यातला जहाजाचा भोंगा.

दर मार्चला डोंगर ओलांडून शारजाला जायचं,
जाड दाराच्या खोलीत बटण दाबत बसायचं.
लुबना कागद पुढे करते.
पाच डेसिबल उतरलं. पुढच्या वर्षी काहीच नाही. मग एकदम दहा.
यंदा पाचशेच्या खुणेवर खाली वळलेला बाण:
तिथे हाक मारली, कुणी ओ दिली नाही.
"यंत्र आहे ना, शब्द तर सगळे कळतायत."
खरंय. शब्दांबद्दल तक्रार नाही माझी.
अडीचशे आणि त्याखालचं अजून आहे,
महिनाअखेरच्या दिरहमांसारखं.

निहार तेरा वर्षांचा.
त्याचा आवाज मला माहीत आहे तो तारेतला,
किनरा, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा.
यंत्र काढलं की तो नुसते ओठ.
या उन्हाळ्यात त्याचा आवाज फुटला.
मित्रांशी बोलताना मध्येच घसरतो,
लाजतो, पुन्हा वर चढायला बघतो.

काल रात्री यंत्र डबीत होतं.
मी अंधारात पाणी प्यायला उठलेले.
पाठीमागून काहीतरी आलं.
एसी नव्हे, भोंगा नव्हे.
"आ", आणि पुढे अर्धवट, ऊसारखं काही.

आई.
या शब्दात एकही व्यंजन नाही.
इतकी वर्षं कसं सुचलं नाही मला.

मी वळले नाही. ग्लास हातात तसाच.
म्हटलं, पुन्हा मारू दे हाक.
त्याचा आवाज खाली येतोय, माझी रेघही खाली चाललीय,
मध्ये किती पायऱ्या उरल्यात कुणास ठाऊक.

त्याला वाटलं, मला ऐकूच आलं नाही.
त्याने दिवा लावला.