सिगारेटचा कागद

टॉडमॉर्डनमध्ये मार्च म्हणजे
अजून हातमोजेच.
मिजलींच्या गॅरेजात पिवळा दिवा,
बॉनेट उघडं, आणि ती हिरवट वार्टबुर्ग
माझ्या खुर्चीतल्या पेशंटसारखी आ वासून.

"तुझे हात हवेत," ते फोनवर म्हणाले होते,
"माझे आता ऐकत नाहीत."
त्यांचा उजवा हात मांडीवर
आपला आपला चालू असतो,
बटण बंद केल्यावरही पंखा फिरत राहावा तसा.

सव्वीस वर्षं मी या गावाचे दात बघितले.
मिजलींची खालची दाढसुद्धा माझीच.
इंजिन मात्र पहिलंच.

तीन सिलिंडर, तीन कॉइल, तीन पॉइंट.
एकाची समजूत काढली
म्हणून दुसरा ऐकेल असं नाही.

पहिला प्लग काढला. त्या भोकात डायल गेज.
पुलीच्या नटाला पाना लावून मी हळू फिरवते:
काटा चढतो, चढतो,
मग क्षणभर कुठेच जात नाही.
"हा माथा," मिजली म्हणतात. "पण इथे नाही.
इथे ठिणगी पडली तर उशीर झाला समज.
मागे ये. आणखी मागे. आता पुढे.
पावणेचार मिलिमीटर राहिले की थांब."

मग खिशातून सिगारेटच्या कागदांचं पाकीट.
ओढणं एक्क्याण्णवलाच सुटलं,
कागद फक्त यासाठी.
पॉइंटच्या फटीत एक कागद,
चिमटीत त्याचं टोक, ओढ अगदी नावाला,
पट्टी केसभर सरकवली
की कागद सुटतो.
सुटतो म्हणजे काय, ते मला शिकवायला नको.
निळा कागद दातांत देऊन
"चावा... आता सोडा"
किती हजार वेळा म्हटलं असेन.

दुसराही लागला.
तिसऱ्याला मी घाई केली.
चहा निवत होता, एवढंच कारण.

किल्ली फिरवली. इंजिन खोकलं,
एक लाथ मारली, आणि सुरू झालं, गोल आवाजात.
फ्री-व्हील त्यांनी कायम लॉक केलेलं,
या गावात उताराशिवाय रस्ता नाही म्हणून.
मी रिव्हर्स टाकला, क्लच सोडला
आणि गाडी पुढे गेली.
रंगाचे डबे. शिडी. भिंत.

वेळ चुकली की टू-स्ट्रोक
तितक्याच आनंदाने उलटं फिरतं,
हे मिजलींनी मला मुद्दाम सांगितलं नव्हतं.
हसता हसता त्यांनी खुर्चीची पाठ गच्च धरली.
काही धरलं की त्यांचा हात थांबतो.
तेवढा वेळ थांबला होता.

पुन्हा प्लग, पुन्हा गेज.
या वेळी लाह्या फुटू लागल्या,
तड तड, मधेच एक रेंगाळलेली.
निळा धूर छताला लागला आणि मला
बाबांची लॅम्ब्रेटा आठवली,
किक मारण्याआधी ते तिला कुशीवर कलती करत,
बाळाला ढेकर काढावी तशी.

"झालं," मी म्हणाले.
मिजली डोळे मिटून ऐकत होते.
"तिसरा किंचित आधी येतोय."
"मला नाही ऐकू येत."
"अजून नाही," ते म्हणाले,
आणि किल्ली बंद केली.

चहावर साय धरली होती.
मी दुसरा कागद घेतला.