नोंद क्रमांक एकशे त्र्याहत्तर

मुतखडा हा शब्द
ग्लासगोत सव्वीस वर्षांत मी कुणापुढे उच्चारलेला नाही.
इथे तो स्टोन असतो, मिलिमीटरमध्ये मोजलेला,
आणि मी असते रिसर्च नर्स:
ताप, वेळ, सही.

आमचा प्रश्न तसा साधा.
लेझरने खडा फोडताना मूत्रपिंडात पाणी सोडतात.
त्या पाण्याचा दाब किती ठेवला
तर माणूस रात्री हुडहुडत नाही?
दाब वाढवला की आतलं स्वच्छ दिसतं,
कमी केला की धूळ, धुकं.
कोण कुठल्या गटात, ते चिठ्ठी ठरवते.
दगडापेक्षा वीट मऊ म्हणतात,
पण यातली वीट कुठली
हेच कळावं म्हणून आम्ही तीनशे माणसं मागतोय.

एकशे त्र्याहत्तरावे, गोव्हनचे यूअन गिलख्रिस्ट.
जन्मभर जहाजांचे पत्रे जोडलेले,
हाताच्या पाठीवर ठिणग्यांचे जुने ठिपके.
संमतिपत्राची अकराच्या अकरा पानं वाचली त्यांनी.
असं कुणी वाचत नाही.
मग विचारलं, "यात माझा काय फायदा?"
"कदाचित काहीच नाही." तसंच सांगायचं असतं.
"बरं. माझी नात आहे वर पाचव्या मजल्यावर, कर्स्टी.
तिच्या रक्तातल्या पेशी काढून नेल्यात कुठेतरी,
कॅन्सर ओळखायला शिकवून परत पाठवणार म्हणे.
यादीत घरातलं एकटं तिचंच नाव नको."
आणि सही केली,
वेल्डिंग करतात तशी, हात न उचलता.

मंगळवारी त्या पेशी आल्या. मी लिफ्टमध्ये होते.
दुधाच्या कॅनएवढा डबा, आत नायट्रोजनचा गारठा.
आणणारा मुलगा म्हणाला, "सॉरी, हा आडवा नाही करता येत."
पाच मजले कुणी बोललं नाही,
जणू झोपलेलं मूल कुणी जिन्यावरून नेतंय.
मला तिसऱ्यावर उतरायचं होतं. राहून गेलं.

मिरजेला वडिलांना खडा झाला तेव्हा
आत्याने एकवीस दिवस कुळथाचं कढण पाजलं,
वर उपाशीपोटी पानफुटीची दोन पानं.
खडा पडला.
कढणाने पडला की आपसूक?
चिठ्ठ्या कुणी टाकल्या नव्हत्या.
आत्या मरेपर्यंत श्रेय घेत राहिली.

गिलख्रिस्टांचं ऑपरेशन छान झालं.
सकाळी तक्त्यावर रात्रपाळीच्या नर्सचे दोन आकडे:
दोन चाळीसला अडतीस पूर्णांक चार,
गोळीनंतर सदतीस सहा.
आमची रेषा अडतीसवर.
गट मला कळायला नको होता, पण पंपावरचा आकडा
मी जातायेता पाहिला होता.
गट तोच, ज्यात ताप येऊ नये
असं आम्हा सगळ्यांनाच आतून वाटत होतं.
दोन पांघरुणं होती अंगावर. हीटर चालू होता.
आत्या माझ्या खुर्चीमागे उभी राहून म्हणाली,
दुसरा लिही ना, तोही खराच आहे.

पहिला लिहिला.
दुसरा त्याखाली, वेळेसकट.
डॉक्टर किनेर्डनी कागद बराच वेळ पाहिला,
"हं," म्हणाल्या, आणि अँटिबायोटिक लिहून दिलं.

तिसऱ्या दिवशी ते उठून बसले. खडा दाखवा म्हणाले.
बाटलीच्या तळाशी चिमूटभर करडी भुकटी.
"एवढं जहाज फोडून हे निघालं?"
कर्स्टीला दाखवायला हवी होती त्यांना,
पण ती लॅबची. नाही देता आली.
नुसतेच गेले, चाकाच्या खुर्चीतून,
काचेपलीकडून हात हलवायला.

त्यांच्या फॉर्मवर शेवटच्या ओळीत
मी लिहिलंय: पाठपुरावा चालू.
कर्स्टी माझ्या अभ्यासात नाही. तिचा रकाना
माझ्या कुठल्याच कागदावर नाही.
तरी लिफ्टमध्ये शिरले की बोट
तीन दाबायच्या आधी
जरासं पाचवर थांबतं.