कळ

डिसेंबरात तार्तूला साडेतीनलाच दिवे लागतात.
मारिका खिडकीकडे पाठ करून बसते.
शहराच्या गरम पाण्याच्या नळांचा हिशेब तिच्याकडे:
कुठल्या गल्लीत किती अंश, कुठला व्हॉल्व्ह रुसलाय.

एडिटरच्या सेटिंगची फाइल. अकराशे ओळी.
निम्म्या तरी तिच्या हातच्या नाहीत.
नऊ वर्षांपूर्वी, पहिल्याच दिवशी,
तॉनिस खुर्ची ओढून शेजारी बसला होता,
स्वेटरला ओल्या लोकरीचा वास.
म्हणाला, दर वेळी बंद करून उघडत बसू नकोस,
तेवढ्यात कॉफी निवते.
कंट्रोल, शिफ्ट, स्वल्पविराम, तिन्ही एकदम.
फाइल पुन्हा वाचली जाते, काम मोडत नाही.
स्वल्पविरामच का, तर म्हणे
थांबायचंय, संपवायचं नाहीये.
ती हसली नव्हती. वाटलं, हा सगळ्यांनाच सांगत असणार.

गेल्या आठवड्यात तो हिउमा बेटावर गेला,
मेंढ्या पाळायला, कायमचा.
निरोपाच्या केकला सुरी सापडेना, फूटपट्टीनं कापला.

तिच्या करंगळीत कळ येते, ताणून ताणून.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बोटाला सांभाळा.
बोट तर बदलता येत नाही, कळ बदलता येते.

सातशे बारावी ओळ.
वर त्याची टीप, त्याच्या गावच्या बोलीत,
अर्थ तिनं कधी विचारला नव्हता.
दोन्ही पुसते. खाली नवी लिहिते: एफ-सहा.
आणि ती लागू व्हावी म्हणून
सवयीनं दाबते कंट्रोल, शिफ्ट, स्वल्पविराम.

चालते.
खालच्या पट्टीवर उमटतं: वाचून झालं.

पुन्हा दाबते.
वाचून झालं.

ओळ फाइलीत नाही. वरपासून खालपर्यंत शोधते, नाही.
पण एडिटरनं ती सकाळीच ऐकलेली आहे,
आणि पुन्हा वाच म्हटलं की तो नवं तेवढं घेतो,
जुनं टाक असं कुठल्याच ओळीत लिहिलेलं नाही.
टाकायचं तर एकदा पुरतं बंद व्हावं लागतं.

एफ-सहाही चालते म्हणा.

छत्तीस फायली उघड्या आहेत.
खाली रस्त्यावर बर्फात एक लांब काळा पट्टा,
नळ जातो तिथं तो कधी टिकतच नाही.
काल्यू दारातून विचारतो,
मशीन बंद करून निघतेस ना? रात्री अपडेट आहे.
हो, म्हणते ती,
आणि नुसता पडदा विझवते,
करंगळी चोळत दुसरा हातमोजा शोधते.