दहापैकी किती

बेड चार. मल्लाजी कोरेवार, वय बासष्ट,
राहणार सिंदेवाहीच्या पलीकडं, मेंढ्यांमागं.
उजव्या फुप्फुसातून काढलेली पाण्याची गाठ
साहेबांनी पोराला ट्रेमध्ये दाखवली होती,
सोललेल्या अंड्यासारखी, पांढरीफेक.
पोरगा म्हणाला, एवढं कुत्र्यापाई?

रात्री दोनला मी विचारते,
दुखणं दहापैकी किती?
"नाई दुखे जी."
पण श्वास चोरटा,
उधारी थकलेल्या दुकानात शिरल्यासारखा,
आत पाऊल टाकतो न टाकतो तोच बाहेर.
छातीच्या नळीतलं पाणी बोटभर चढत नाही.
कूलर अंगावर, तरी कपाळ ओलं.
बोटाच्या चिमट्यावर एक्याण्णव.

मी चार्टवर शून्य लिहीत नाही.
"आमी दहानं नाई मोजत, बाई. विसानं मोजतो."
बरं. कळपात वीस मेंढ्या.
किती बाहेर राहिल्या?
तो डोळे मिटतो. ओठ हलतात.
मोजायला बराच वेळ घेतो.
"सतरा." मग थांबून,
"अंधार लय हाये."

फोनवर डॉक्टरांना सांगते, साडेआठ.
साडेआठ असं काही नसतं, सिस्टर.
मग नऊ लिहा.

सलाईनमधून औषध सोडते, हळू.
अर्धा तास जायला हवा.
तोवर खांद्याखाली टॉवेलची गुंडाळी,
कारण कापतात बरगडीत नि ठणकतो खांदा,
हे पहिल्या वर्षी मला कुणी सांगितलं नव्हतं.

आता खोकायचं. उशी छातीशी धरा.
उशी त्याला पटत नाही. "पोचट हाये."
नजर खाटेखालच्या पिशवीकडं.
वॉर्डात घोंगडी आणू नये
हे फळ्यावर मीच लिहिलंय.
हिरव्या चादरीत घट्ट गुंडाळते तिला,
कडेनं चिकटपट्टी.
तरी वास येतोच, लोकरीचा, धुराचा.
टाक्यांवर ती, तिच्यावर त्याचे हात,
वरून माझा तळवा.

खोका.
नुसती घशातली खाकर.
"मेंढ्यांना हाक कशी मारता?"
"इथं?"
"इथंच."

पहिली अर्ध्यात तुटली.
दुसरीला डोळ्यांत पाणी आलं,
त्यानं माझ्याकडं असं पाहिलं
की मीच नख लावलं टाक्याला.
तिसरी,
हुर्र्र्योऽऽ,
जाळीच्या दारातून आवारात गेली.
बेड सातवाल्या आजी उठून बसल्या,
वॉचमननं टॉर्च मारला
चिंचेच्या झाडावर, का कोण जाणे.
आणि मागोमाग खोकला, खोलातला, चिकट, तांबूस,
माझ्या हातातल्या ट्रेमध्ये.
बाटलीत बुडबुडे.
नळीतलं पाणी वीतभर वर, वीतभर खाली.

सकाळी ड्यूटी बदलताना विचारलं,
किती राहिल्या?
"पाच-सहा. त्या रोजच्याच चुकार."
मी तीन लिहिते.

स्पिरिटनं दोनदा हात धुतले, वास गेला नाही.
फळ्यावरची ओळ तशीच आहे,
वॉर्डात घोंगडी आणू नये,
खाली माझीच सही.