धूर जाऊ दे

विजापूर वेशीत, चादरींच्या दुकानामागच्या बोळात
दाऊदसाब शिकलगारांचा गाळा.
पाटीवरच्या 'बंदूक' शब्दाचा अनुस्वार उडालाय,
म्हणून इथं बदूक मिळते.

भिंतीपलीकडं यंत्रमाग.
त्याच्या खटखटीत बोलायचं तर ओरडून, नाहीतर खुणांनी.
मी परवाना पुढं केला.
कपाळावरचा चष्मा नाकावर ओढून
त्यांनी सबंध बोळाला ऐकू जाईल असं वाचलं:
शैलजा निवृत्ती काशीद, तालुका मोहोळ.
कारण, पीक संरक्षण.

अडीच वर्षं लागली या कागदाला.
बाईमाणसाला बंदूक कशाला, कचेरीत विचारलं होतं.
मी म्हटलं, रानडुकरं विचारत नाहीत
राखणीला कोण बसलंय.

दाऊदसाब आत गेले
आणि गोणपाटात गुंडाळलेली अप्पांची ठासणीची घेऊन आले.
चार वर्षं इथं जमा.
घोड्याला दोऱ्यानं बांधलेला पुठ्ठा: कै. निवृत्ती काशीद.
'कै.' मागाहून घातलेलं, हिरव्या शाईनं.

तिच्या शेजारी त्यांनी नवी ठेवली. "उचला."
उचलल्या, एकीमागून एक.
अप्पांची तोंडाकडं जड,
पाणी दिसलेल्या म्हशीसारखी पुढं ओढते.
नवी मधोमध तोलते, हाताला विचारून थांबते.
"हीपण तोंडातनंच भरायची. गज तसाच, ठासणं तसंच.
दारू तेवढी वेगळी. धूर नाही.
बार झाला की समोरचं लगेच दिसतं."
"सगळं?"
"सगळं."

मका दाण्यात आला की आम्ही माळ्यावर असायचो.
अप्पांचा बार म्हणजे आधी आवाज, मग पांढरी भिंत,
नासक्या अंड्यासारखा वास,
आणि भिंतीआड गप्प उभे अप्पा.
लागलं का, मी विचारायची.
धूर जाऊ दे, म्हणायचे.

हे उत्तर त्यांनी पुढं पुष्कळ ठिकाणी वापरलं.
आईच्या तपासणीचा कागद आला तेव्हा.
चुलत्यानं बांध कोरला तेव्हा.
माझं सासर सोडून मी पिशवीसकट दारात उभी राहिले तेव्हा.
आणि धूर जाईपर्यंत खरंच पलीकडं
बहुतेक वेळा काही उरायचं नाही,
चार मोडलेली ताटं आणि खुरांचा चिखल.

किंमत विचारली. सांगितली.
परत विचारली.
तेवढीच होती.

मग मी म्हटलं, ही नवी दारू अप्पांच्या नळीत चालेल का,
म्हणजे दुसरी घ्यायलाच नको.
दाऊदसाब काही बोलले नाहीत.
पलीकडं कुठला तरी धागा तुटला, माग थांबला,
तेव्हा हळू आवाजात म्हणाले,
"नळी फुटंल, पोरी. हात जाईल, डोळा जाईल.
हे लोखंड हळू आगीचं हाय. त्याला घाई सोसत नाही.
चुकूनसुद्धा नको."
माग परत सुरू झाला.

नवी खांद्याला लावून बघितली.
दस्ता लांब, पुरुषाच्या हाताला बेतलेला,
गाल पोचत नव्हता, मान ताणत होती.
त्यांनी कानामागची पेन्सिल काढली,
दोन बोटं मोजून रेघ मारली,
करवत घेतली.
अक्रोडाचा भुसा माझ्या चपलांवर पडत राहिला.
परत लावली. या वेळी ती खांद्यात बसली,
आणि माशीच्या टोकावर
समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर, त्यातला मंगळवार,
इतका स्वच्छ, की मी पटकन खाली केली.

पैसे मोजले.
अप्पांचीचं काय, त्यांनी विचारलं.
मी आणखी एका वर्षाचं भाडं वेगळं काढून ठेवलं.
वहीत लिहून घेताना त्यांनी मान वर केली नाही.

कापलेला तुकडा मी मागून घेतला.
शेंगाचटणीच्या पुड्याशेजारी, पिशवीत,
मोहोळपर्यंत त्याला तेलाचा वास येत होता.
अप्पांच्या खाटेचा चौथा पाय
मला कळतंय तेव्हापासून अधांतरी.
त्याखाली सरकवला.
थोडा जास्त झाला.
आता दुसरे तीन डुगडुगतात.